तणसाचं पांघरूण

पिपरटोल्यात भांडणांना तोटा नाही. नळावर होतात, रेशनच्या रांगेत होतात, कुणाची बकरी कुणाच्या वांग्यात शिरली म्हणून होतात, आणि पुढच्या आठवडी बाजाराच्या आत मिटतातही. वर्षानुवर्षं न मिटलेलं भांडण गावात एकच होतं, बायनाबाई आणि इंदुताई या दोन जावांचं. मी या गावची आशा कार्यकर्ती. मला दोघींच्याही घरी जावं लागे, आणि एकीच्या अंगणातून दुसरीच्या अंगणात शिरताना मी कुणाच्या बाजूची नाही हे माझ्या चालण्यातूनसुद्धा दिसावं लागे. त्यापुढे लसीकरण सोपं.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ. आता दोघेही नाहीत. ते होते तोवर घर एकच होतं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, मधे एक सामाईक भिंत आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन चुली. मग इंदुताईच्या नावानं घरकुल आलं. तिनं आपला अर्धा भाग पाडला आणि पाडताना ती मधली भिंतही अर्धी उतरली. त्याच पावसाळ्यात बायनाबाईच्या बाजूचा कोपरा खाली आला. कुणाला लागलं नाही, पण तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं घातलेली भिंत गेली. बायनाबाईच्या लेखी ते माणूस जाण्याइतकंच होतं.

तिनं पडलेल्या कोपऱ्याला बांबूचे तट्टे बांधून घेतले, पण पडलेली माती मात्र उचलू दिली नाही. दोन घरांच्या मधे तो ढीग तसाच राहिला. त्यावर गवत उगवलं, कोंबड्या बसू लागल्या. कुणी फावडं घेऊन आलं की ती ओसरीवरूनच गरजायची, "त्या ढिगाले हात नाई लावाचा. येनाऱ्या-जानाऱ्याले दिसू दे." वर गावासमोर शपथही घेतली, की इंदूच्या उंबरठ्यावर या जन्मी पाय ठेवणार नाही. इंदुताई म्हणाली, "बोलावते कोन?" झालं. तेव्हापासून दोघी एकाच नळावर पाणी भरायच्या आणि एकमेकींना जे सुनावायचं ते हंड्याला सुनावायच्या.

इंदुताईचा मुलगा लोकेश गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात कामाला आहे. सिमेंटवर त्याचा भारी जीव. घरकुलाचं प्लास्टर त्यानं जवळ उभं राहून करवून घेतलं, आणि वरचे टिनाचे पत्रे नि भिंत यांच्यामधे जी फट राहते तीही सगळीकडून बुजवून टाकली. "माय, आता उंदीर येनार नाई, साप येनार नाई," तो म्हणाला. आणि खरंच काही आलं नाही. गावातल्या बाया भिंतीवरून हात फिरवून बघायच्या आणि घरी जाऊन नवऱ्यांना बोलायच्या.

आमच्या उन्हाळ्याबद्दल सगळं जग बोलतं. थंडीबद्दल कुणी बोलत नाही. मी भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत वाढले, तिथं स्वेटर असायचा तो शाळेत मिरवण्यापुरता. इथं लग्न होऊन आले तेव्हा कळलं, की पौषात कापून झालेल्या धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, जो गारठा उठतो तो हाडांत जाऊन बसतो. तरी माझ्या पहिल्या वर्षी घरात चूल होती. चूल विझली तरी तिची राख सकाळपर्यंत ऊब द्यायची.

मग गॅस आला. जंगलाच्या वाटेवर वाघीण पिलं घेऊन फिरू लागली तेव्हा वनखात्यानं सरपणाला जाणं बंद केलं, आणि गावच्या वनसमितीमार्फत घरोघर सिलिंडर पोचले. फार चांगलं झालं. चुलीपुढे खोकून खोकून वाकलेल्या बाया मी पाहिल्या आहेत, त्यांचा खोकला थांबलेलाही पाहिला आहे. गॅसला नावं ठेवणाऱ्याशी मी आजही भांडते. पण चूल दोन कामं करत होती, भात शिजवायची आणि घर शेकायची. गॅस भात शिजवतो आणि गप्प बसतो. ते दुसरं काम आता कोण करणार, हे कुणी विचारलंच नव्हतं.

त्या पौषात इंदुताईला नात झाली. सून दिव्या राजुऱ्याची. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. पोरगी वेळेआधी आली आणि वजनात दोन किलोलाही पोचली नाही. ग्रामीण रुग्णालयात तिला उबेच्या पेटीत ठेवलं होतं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दिव्याला आणि मला समोर बसवलं आणि तेच तेच पुन्हा पुन्हा सांगितलं. बाळ गार पडू द्यायचं नाही. आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून ठेवायचं. खोली उबदार हवी. एवढ्याशा जिवाची सगळी ताकद अंग गरम ठेवण्यात गेली तर वाढायला काही उरत नाही, कधी कधी जगायलाही उरत नाही. शेवटचं वाक्य त्या हळू बोलल्या, पण दिव्यानं ऐकलं.

घरी आल्यावर इंदुताईनं तिला जे येत होतं ते केलं. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, वरून ओवा टाकतात. तिच्या सासूनं तिला तसंच शेकलं होतं, सासूला तिच्या सासूनं. इंदुताईनं घरातलं राखून ठेवलेलं सरपण काढलं, निखारे केले, शेगडी बाजेखाली सरकवली. मग वारा लागू नये म्हणून दार घट्ट लावलं आणि खिडकीच्या फटीत सिमेंटचं रिकामं पोतं कोंबलं.

सकाळी मी वजनकाटा घेऊन गेले. इंदुताई अंगणात भांडी घासत होती, चेहऱ्यावर समाधान. "मस्त गरम आहे आत," मला म्हणाली. मी दार ढकललं आणि आतली हवा तोंडावर आली, जड, ओव्याच्या वासाची. दिव्या डोकं धरून बसली होती. काहीतरी सांगायला गेली आणि ओकली. बाळ तिच्या मांडीवर पडलेलं, अगदी गप्प. मी तळपायाला टिचकी मारली तरी हललं नाही.

बाळाला पदरात गुंडाळून मी बाहेर पळाले आणि दुसऱ्या हातानं दिव्याला ओढलं. मातीच्या त्या ढिगापाशी ऊन सर्वांत आधी येतं, तिथंच बसले. तळपाय चोळत राहिले, पाठ चोळत राहिले. खूप वेळानं, निदान मला तरी तो खूप वाटला, पोरगी रडली. मांजराच्या पिलासारखा आवाज, पण रडली. तिच्याबरोबर मीही रडले, आणि मग इंदुताईवर तुटून पडले.

"मारता का लेकराले?"

"मी त शेकच देल्ला वं," इंदुताई म्हणाली. "माह्या सासूनं मले असाच देल्ला होता. लोकेशले असाच शेकला मी."

"लोकेश कवेलूच्या घरात वाढला, बाई! निखाऱ्यातून जहर निघते. दिसत नाई, वास येत नाई. कवेलूच्या फटीतून ते निघून जाये. ह्या घराले फट आहे का कुठी? तुमच्या पोरानं मुंगीपुरतीबी नाई ठेवली."

 ढिगाच्या पलीकडे बायनाबाई बैलांना तणस टाकत होती. धानाचा कोरडा पेंढा, आमच्याकडे त्याला तणस म्हणतात. तिचा हात पेंढीसकट थांबला होता. ती बाळाकडे बघत होती. 

रुग्णवाहिका आली, दिव्याला आणि बाळाला नेलं, तपासलं, देखरेखीखाली ठेवलं आणि धोका टळला म्हणून परत पाठवलं. आता खोलीत विस्तव नाही, हा नियम झाला. लोकेश सुटी काढून आला. ज्या फटी त्यानं कौतुकानं बुजवल्या होत्या त्या छिन्नीनं फोडत बसला. जहर जायला वाट झाली, आणि त्याच वाटेनं थंडी आत आली.

मग त्यानं गडचांदूरहून विजेचा हीटर आणला, तांबडीलाल तार असलेला. लावला तसे गल्लीतले सगळे दिवे मिणमिणले, पंप बसला, आणि थोड्या वेळानं घरातलं बटण काळं पडून धूर निघू लागला. शेजारी बोंबलत आले. हीटर पुन्हा खोक्यात गेला. इंदुताईनं मला विचारलं, "गॅसच पेटवून ठेवू का खोलीत?" मी पुन्हा ओरडले. त्या दिवसांत मी इतकी ओरडले की माझा आवाज बसला आणि पोलिओच्या मीटिंगमध्ये सुपरवायझरला वाटलं मी आजारी आहे.

दिव्या शहाणी पोर. दिवसभर बाळाला छातीशी बांधून बसायची, पाण्याची गरम बाटली फडक्यात गुंडाळून पायथ्याशी ठेवायची. पण ती स्वतःच कुडकुडत होती, बाळाला काय ऊब देणार? सिमेंटची भिंत हाताला बर्फासारखी लागायची. मी रोज बाळाच्या पोटाला आणि मग पायांना हात लावून बघायची. पोट कोमट, पाय गार. वजन वाढायचं सोडून थोडं उतरलं. मी स्पष्ट सांगितलं, "आता पाय गरम नाई राह्यले त परत दवाखान्यात न्यावं लागन, आन तिथी काय होईन मले नाई सांगता येत."

गावात त्या थंडीत ऊब धरून असलेलं मातीचं घर शेजारीच होतं. मी इंदुताईला म्हटलं, "बायनाबाईकडे न्या लेकराले."

इंदुताई म्हणाली, "त्याईची भिंत मी पाडली. त्या भिंतीच्या आडोशाले कोनत्या तोंडानं जाऊ?"

मला वाटलं होतं तिच्या अंगात ताठा आहे. ताठा नव्हता, लाज होती. मग मीच बायनाबाईकडे गेले आणि सरळ विचारलं. ती बैलांच्या पाठीवरून हात फिरवत होती, सरज्या आणि पाखऱ्या, तिच्या जिवाचे दोन तुकडे. मला वाटलं, आता ढिगाचा इतिहास ऐकावा लागेल.

"माह्या घराचा कोपरा तट्ट्याचा आहे," ती म्हणाली. "सकाऊनचा वारा सरळ बाजेवर येते. मी बुढी निभावून घेतो. लेकराले तिथी नाई चालत." आणि आत निघून गेली. मी हात हलवत परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर बायनाबाईच्या तणसाच्या गंजीचा माथा नाहीसा झालेला. बाई डोक्यावर पेंढ्या घेऊन इंदुताईच्या घराच्या मागं जात होती, उत्तरेच्या भिंतीला. पेंढ्या उभ्या करून भिंतीला दाबून लावायची, वर बांबूचा तट्टा, तट्ट्यावरून दोरी. एवढ्या थंडीत कपाळावर घाम. इंदुताई मागच्या दारात उभी राहून बघत होती. दोघींमधे हातभर अंतर.

मला बघून बायनाबाई म्हणाली, "पुनम, त्या बाईले सांग, भिंत झाकून राह्यली मी."

इंदुताई म्हणाली, "पुनमबाई, त्याईले विचारा, काऊन म्हून."

"तिले सांग, पुसाच्या थंडीत कुत्री कुठी वेते? तणसात. गंजीत हात घालून पाह्य, आत गरम राह्यते. कुत्रीले समजते, आपल्याले नाई समजत." पेंढी दाबत ती पुढं म्हणाली, "आन हेबी सांग, का लेकरासाठी करून राह्यली. तिच्यासाठी नाई."

मी मधे उभी, मान इकडून तिकडं. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, दोघींनी सगळं ऐकलेलं होतं. तरी मी सांगितलं. रीत ती रीत.

"अन्‌ बैल काय खातीन, विचारा त्याईले," इंदुताई बारीक आवाजात म्हणाली. बायनाबाई पुढची पेंढी आणायला वळली.

तो प्रश्न खरा होता. त्या गंजीवर सरज्या-पाखऱ्याचा पावसाळ्यापर्यंतचा घास होता. आमच्याकडे तणस म्हणजे बैलाचं वर्ष. बायनाबाईचा मुलगा धनराज भद्रावतीला राहतो, त्यानं कितीदा म्हटलं, बैल विक आणि माझ्याकडे ये. ती जात नाही ती या जोडीपायी. तीच बाई आज आपल्या बैलांच्या तोंडचं काढून जावेच्या भिंतीला लावत होती, आणि घरात पाऊल न टाकता. शपथ मोडायची नाही म्हणून सगळं काम बाहेरून! 

लोकेशला तिनं पत्र्यावर चढवलं. "मोठीमाय, किती जाड टाकू?" तो वरून विचारायचा, आणि ती खालून, "तुह्या कोपरापर्यंत. हात आखडू नको, तुह्या बापाचं नाई, माह्या बैलाचं आहे." पत्र्यावर तणसाचा थर, त्यावर तट्टे, त्यावर आडवे बांबू. पूर्वेची आणि दक्षिणेची भिंत तिनं उघडीच ठेवली. "ऊन येऊ दे. सूर्याचं कोनी बिल पाठवत नाई." छिन्नीनं फोडलेल्या फटींपैकी समोरासमोरच्या दोन तेवढ्या मोकळ्या ठेवायला मी सांगितलं. तिनं ते ऐकलं. आधी नाक मुरडलं, मग ऐकलं.

मला मात्र एक भीती होती आणि ती मी बोलून दाखवली. "बायनाबाई, तणस आहे ना. एखाद्याची बिडी पडली त?"

ती थांबली. तट्ट्यांकडे बघितलं. मग मागं वळून त्या मातीच्या ढिगाकडे बघितलं. मी समजले. तट्ट्यांवर जाड लिंपण हवं होतं, आणि लिंपायला मुरलेली, चिकट, वर्षानुवर्षांची माती गावात तेवढ्याच एका जागी होती.

बायनाबाईनं फावडं मागितलं. ढिगावरच्या कोंबड्या हुसकल्या. गवताचा ठोंब उपटला आणि फावडं घातलं. गल्लीतून जाणारी माणसं थबकली. ज्या ढिगाला तिनं कुणाला बोट लावू दिलं नव्हतं तो ती स्वतः फोडत होती, त्यातून तिच्या नवऱ्यानं बसवलेला एक बांबूचा तुकडा निघाला, तो तिनं पुसून बाजूला ठेवला. इंदुताईनं तोंडावर हात ठेवला होता.

मातीवर पाणी पडलं, कोंडा पडला, शेण पडलं. बायनाबाई लुगड्याचा काचा खोवून चिखल तुडवायला उतरली. वय झालेलं, पाय रुतत होते. थोड्या वेळानं इंदुताई आली.  चपला काढून चिखलाच्या दुसऱ्या टोकाला उतरली आणि तुडवू लागली. दोघी एकाच चिखलात, पाठीला पाठ करून. मी आयुष्यात पुष्कळ शिबिरं पाहिली, भाषणं ऐकली, योजनांचे फलक लावले. माणसानं माणसाला केलेली एवढी मोठी मदत मी दुसरी पाहिलेली नाही, आणि हे मी कुठंही उभी राहून सांगेन.

लिंपण वाळायला उन्हाचे काही दिवस गेले. तोवर ढीग संपला होता. घरकुलाच्या दोन भिंती पुन्हा मातीच्या झाल्या होत्या, त्याच मातीच्या. सकाळी दार उघडून आत गेलं की पहिल्यांदा कानांना कळायचं, कान दुखायचे थांबायचे. आत विस्तव नाही, वीज नाही, दिवसाचं ऊन आणि दोन जिवांची ऊब, एवढंच, पण ते आता बाहेर पळत नव्हतं. दिव्या शाल बाजूला ठेवून बसू लागली. मी एका सकाळी बाळाचे पाय धरले आणि सोडलेच नाहीत. गरम होते. काट्यानंही मग वर चढायचं मनावर घेतलं.

गावाला कौतुक वाटलं आणि गावानं चेष्टाही केली. "बुढीनं बैलाचा घास भिंतीले चारला," असं पारावर म्हणू लागले. गुरांचा एक दलाल जोडी विकता का म्हणून विचारून गेला, म्हणजे विचारून पळाला. बायनाबाई बांधावरचं गवत खरवडून आणायची, कोंड्यात पाणी घालून द्यायची. बैल समंजस, खायचे. पण माघ लागला तशा त्यांच्या फासळ्या दिसायला लागल्या. एकदा ती पाखऱ्याच्या मानेला मान लावून त्याला सांगत होती, "तुह्याच वाट्याचं पांघरून देल्लं बाबू मी. रागावू नको." मी दिसताच तिनं मानेवरचा गोचीड काढण्याचं नाटक केलं.

एका सकाळी मी वजन करायला गेले तर इंदुताई घरात नव्हती. दिव्यानं हसून गोठ्याकडे बोट दाखवलं. मी गेले. इंदुताईच्या डोक्यावर हिरवागार भारा, दवानं भिजलेला, निळी फुलं असलेला. लाखोळी. धान निघाल्यावर तिच्या एकुलत्या बांधीत तिनं पेरलेली, तिच्या वर्षाची डाळ. भारा गव्हाणीत टाकून ती मोकळा करत होती. सरज्या आणि पाखऱ्या तोंडं खुपसून खात होते, मधे श्वासही घेत नव्हते.

बायनाबाई घरातून आली आणि दारातच थांबली. तिनं फुलं बघितली.

"फुलावर आलेली लाखोळी कापली वं तू?" ती म्हणाली. मला मधे घ्यायचं ती विसरली होती. "दाना धरला असता ना पंधरा-वीस दिसात."

"धरू दे पुढच्या सालाले." इंदुताईनं वर बघितलं नाही. "भिंतीले हात लावला का ह्याईचा घास हाताले लागते, बाई. मले जेवन जात नाई."

 मग बायनाबाई गव्हाणीशी आली आणि भाऱ्यातली एक पेंढी उचलून परत दोरीत बांधू लागली. "सारी एकदम टाकू नको. हिरवं जास्त झालं त पोट फुगन त्याईचं. अर्धं सांजच्याले." आणि पेंढी बांधता बांधताच विचारलं, "पोट्टी कशी आहे?"

"पाय गरम राह्यते आता."

बायनाबाईनं हात धुतले. पदरानं कोरडे केले, मग तोंडाजवळ नेऊन फुंकर मारून गरम केले. इंदुताई पुढं चालली आणि ती मागं. मी दोघींच्या मागं. जिथं ढीग होता तिथून आता सरळ वाट होती, पहिल्यांदाच आम्ही वळसा न घालता गेलो. इंदुताई आत गेली. बायनाबाई उंबरठ्यापाशी आली आणि थांबली. आतून बाळाचा कुरकुरण्याचा आवाज येत होता. बाईचा पाय उचलला जाईना. शपथ गावासमोर घेतलेली, मोडायला तरी काही निमित्त हवं होतं.

"पुनम," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिले विचार..."

इंदुताई आतून वळली. बाळ आता तिच्या खांद्यावर होतं. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच, घरच्या बाईला बोलतात तसा.

"दार उघडं ठेवून काऊन उभ्या राह्यल्या, बाई? थंडी आत येऊन राह्यली."

बायनाबाईनं घाईघाईनं पाय आत टाकला, आणि मागं वळून स्वतःच दार लावून घेतलं.